बुधवारचे वाचक

वडीगोद्रीच्या वाचनालयात निवेदिता ग्रंथपाल म्हणून रुजू झाली, त्याला आठवडाही झाला नव्हता. तिथं एकच कॉम्प्युटर होता आणि त्यात दोन विंडोज होत्या, एक जुनी, एक नवी. सुरू केला की कोणती उघडायची ते तो आधी विचारायचा. जुनीनं निम्मी जागा अडवलेली, त्यामुळं नवी रडतखडत चालायची.

मंगळवारी तिनं जुनी काढून टाकायचं ठरवलं. आत ‘बुद्धभूषण’ नावाचं खातं दिसलं. आधीचा कुणी कर्मचारी असेल, असं समजून तिनं कुणाला विचारलं नाही. त्यातल्या फायली तेवढ्या पेन ड्राइव्हवर घेतल्या, सुरुवातीच्या यादीतून जुनीचं नाव उडवलं, ती पुसून सगळी जागा नवीला दिली. कॉम्प्युटर काहीही न विचारता झटकन उघडला, तेव्हा तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

बुधवारी शहागडहून बुद्धभूषण साळवे आले. पन्नाशी उलटलेले शिक्षक, हातात पांढरी काठी. सात वर्षांपूर्वी दृष्टी गेलेली. सवयीनं कॉम्प्युटरपाशी बसले. बटण दाबलं, थोडं थांबले, खालचा बाण एकदा, मग एंटर. इयरफोन कानाला लावून वाट पाहत राहिले.

“मॅडम, हा बोलून न्हाई राह्यला. जुनी विंडोज उघडली की पेपर वाचून दाखवतो मला. दर बुधवारी येतो मी.”

ते ‘बुद्धभूषण’ खातं यांचंच, हे निवेदिताच्या लक्षात आलं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. पुन्हा काहीच नाही. “माझंच बोट चुकलं का काय?”

“हो... चुकलं असेल,” ती बोलून गेली.

पेपर वाचणारे दोघं-तिघं मान वर करून बघत होते. बुद्धभूषण तिसऱ्यांदा चाचपडले, मग उठले. “माफ करा, तुमचा वेळ घेतला. बोटाची सवय गेली वाटतं.”

ते गेल्यावर तिला खुर्चीत बसवेना. ती धावत हायवेवर गेली. ते रिक्षाची वाट पाहत उभे होते आणि काठीच्या मुठीवर बोटानं तीच बटणं दाबून बघत होते.

“काका, तुमचं काही चुकलं नाही. जुनी विंडोज मी काल काढून टाकली, कुणाला न विचारता. आणि मघाशी खोटं बोलले.”

त्यांचं बोट काठीच्या मुठीवरच थांबलं.

“काढली ते ठीक हाय. पण माझं चुकलं म्हणाल्या तुम्ही, अन् मी लगेच मानलं. डोळे गेल्यापासून असंच झालंय. काही बिघडलं की वाटतं, मंग माझंच चुकलं असंल.”

रिक्षा आली, ते बसून गेले.

वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिनं नव्या विंडोजमध्ये टाकलं. स्क्रीन बंद ठेवून, डोळे मिटून ते चालवून पाहिलं. रोज कुठं ना कुठं अडकायची. नोंदवहीतून नंबर काढून बुद्धभूषणना फोनवर कळवलं. पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी आले.

ते बसायच्या आधीच ती पेपर वाचणाऱ्यांकडं वळली. “त्या बुधवारी काकांचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं.”

बुद्धभूषणनी इयरफोन लावला. “फार जल्दी बोलतो हा.”

बोलण्याचा वेग कमी करायची बटणं तिनं सांगितली. त्यांनी ती दोनदा दाबून पाहिली. “बराबर. आता बसा तुमच्या कामाला.”

ती टेबलाशी जाऊन बसली. त्यांना दिसत नाही हे ठाऊक असूनही तिला त्यांच्याकडं बघवेना.