दगडखाणीजवळचा बैल

मित्रांनो, ब्रिस्टलजवळच्या एका नेमबाजी क्लबात एक पोलादी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जो जुना क्रॉसबो ठेवलेला असतो, तो मी. क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य. बंदुकीसारखा लाकडी दस्ता, त्याच्या टोकाला पोलादी कमान, कमानीला दोरी आणि दस्त्याखाली चाप. दोरी मागे ओढून अडकवायची, खाचेत आखूड तीर ठेवायचा आणि चाप दाबायचा. तीर सुटतो आणि आवाज जवळजवळ होत नाही.

माझा जन्म वेल्समधला. जन्मभर खुर्च्या-टेबलं केलेल्या एका म्हाताऱ्या सुताराने हौस म्हणून मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. माझ्या दस्त्याला तो रोज थोडं थोडं तेल चोळत असे. कागदावर काढलेली वर्तुळं आणि त्यामागचा गवताचा भारा, एवढंच माझं जग असणार होतं. माझे तीरही त्याच बेताचे होते, बारीक टोकाचे. कागद फाडून गवतात रुतायला ते पुरेसे होते.

मला विकत घेतलं सुनीतीबाईंनी. त्या मूळच्या नागपूरच्या. लग्नानंतर इकडे आल्या आणि ब्रिस्टलच्या एका शाळेत गणित शिकवू लागल्या. कॉलेजात असताना त्या तिरंदाजी करत. पुढे खांद्याचं ऑपरेशन झालं आणि नेहमीचं धनुष्य ताणणं त्यांना जमेना. तेव्हा क्लबातल्या कॉलिनने त्यांना सुचवलं, की क्रॉसबो वापरून बघा, खांद्याला त्रास होणार नाही.

कॉलिन हा क्लबाचा जीव होता. गवताचे भारे रचणं, नवीन माणसांना शिकवणं, दोऱ्या बदलणं, सगळं तोच करायचा. पोटासाठी तो खोक्यांच्या कारखान्यात कामाला होता. माझ्यावर नेम कसा धरायचा, श्वास कुठे थांबवायचा, हे सुनीतीबाईंना त्यानेच शिकवलं. दोनेक वर्षांत त्यांनी जिल्ह्याच्या स्पर्धेत चांदीची तबकडी मिळवली. त्या दिवशी त्यांचे यजमान मुरलीधरराव पाहुण्यांना म्हणाले, की आता घरात शस्त्र आहे, तेव्हा जेवणाला नावं ठेवायची सोय राहिली नाही. सगळे हसले. मी हॉलमध्ये भिंतीवर होतो. मराठी मी याच घरात शिकलो. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

दर शरद ऋतूत सुनीतीबाई मला नवीन दोरीसाठी कॉलिनकडे सोपवत. दोन हजार आठ सालीही त्यांनी तसंच केलं. त्या वर्षी गावोगाव कारखाने बंद पडत होते आणि कॉलिनची नोकरी गेली होती. घरी बायको आणि तीन शाळकरी मुलं होती. क्लबात तो पूर्वीसारखाच हसून बोलायचा, त्यामुळे कुणी फार चौकशी केली नाही.

त्याच्या गावाबाहेर एक जुनी दगडखाण होती आणि तिच्याभोवती जंगल माजलं होतं. शेजारच्या शेताचा म्हातारा मालक वारल्यावर वारसांचं भांडण कोर्टात गेलं आणि त्याची गुरं वाऱ्यावर सुटली. कुंपणं मोडून ती खाणीकडे गेली आणि तिथेच राहिली. त्यांच्या कानातले ओळखीचे बिल्ले काटेरी झुडपांत अडकून तुटून गेले. माणूस दिसला की ती पळत. कधी रस्त्यावर येत आणि मोटारी अडवून उभी राहत. लोक कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन करत आणि कौन्सिल वारसांकडे बोट दाखवी. त्यांत एक तांबडा बैल होता. तो इतका मोठा होता, की फाटकापुढे उभा राहिला तर अख्खं फाटक झाकून जायचं.

कॉलिनच्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. बिनमालकाचं जनावर, हिवाळाभर पुरेल इतकं मांस आणि हातात आवाज न करणारं हत्यार.

मला नवीन दोरी लावून झाली होती. एका धुकट दुपारी त्याने मला व्हॅनमध्ये ठेवलं. मला वाटलं, आपण घरी निघालो. व्हॅन थांबली ती खाणीपाशी. कॉलिन वाळलेल्या नेच्यांमध्ये पोटावर पडून राहिला. त्याचा गाल माझ्या दस्त्याला टेकलेला होता आणि त्याच्या छातीचे ठोके मला लाकडातून जाणवत होते. क्लबात नेम धरताना ते इतक्या जोरात कधी पडत नसत.

बैल पडक्या भिंतीजवळ उभा होता. रवंथ करत होता. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती आणि पाठीवर धुक्याचे थेंब बसले होते. मी आजवर फक्त कागद पाहिला होता. कागद श्वास घेत नाही आणि मान वळवत नाही. बारीक टोकाच्या तिराने एवढं जनावर पडणार नाही, हे कॉलिनला ठाऊक होतं. तरी त्याने चाप दाबला. नेमका त्याच क्षणी बैलाने पाऊल पुढे टाकलं.

तीर पुढच्या पायाच्या फऱ्यात, खांद्याच्या बाजूला रुतला. बैल पडला नाही. तो हंबरलाही नाही, फक्त खोल घशातून एक आवाज निघाला आणि तो कुंपण तोडून खाली झाडीत घुसला. बाकीची गुरं त्याच्यामागे धावली. कॉलिन अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरला. मग मला मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये कितीतरी वेळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुनीतीबाईंच्या दारात उभा होता. स्वयंपाकघरात त्याने मला टेबलावर ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं इंग्रजीत झालं, मी ते तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. शेवटी तो म्हणाला, "मला माफ करा. तुमच्या धर्मात गाय पवित्र असते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सुनीतीबाईंनी त्याच्यापुढे चहाचा मग सरकवला. मग त्या शांत आवाजात म्हणाल्या,

"आमच्या घरी दर रविवारी मटण शिजतं, कॉलिन. तो प्रश्न नाही. तू त्याला अर्धवट मारून सोडून आलास. तो आत्ता कुठेतरी अंगात तीर घेऊन उभा आहे."

त्यांची मुलगी ऋजुता जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती प्राण्यांची डॉक्टर होण्याच्या शेवटच्या वर्षाला होती. ब्रिस्टलमध्येच वाढल्यामुळे तिचं मराठी अडखळत चालायचं. ती खाली आली आणि बूट घालता घालता म्हणाली, "आई, जखम किती मोठा आहे ते बघायला पाहिजे. मी हेलनला रिंग करते. तिच्याकडे रायफलचा लायसन्स आहे."

हेलन ही त्या भागातली अनुभवी व्हेट, म्हणजे गुरांची डॉक्टर. तिच्याकडेच ऋजुता काम शिकत होती. ते चौघे खाणीकडे गेले. मी टेबलावरच राहिलो. पुढचं मी त्या संध्याकाळी ऋजुताच्या तोंडून ऐकलं.

बैल ओढ्यात उभा होता, पाण्यात, तीन पायांवर. उरलेला कळप काठावर थांबला होता. माणसं जवळ आली तरी या वेळी तो पळाला नाही. हेलनने लांबून नीट पाहिलं आणि मान हलवली. तीर खोल गेला होता, पाय कामातून गेला होता आणि तो कुणालाही हात लावू देणार नव्हता. तिने कळप हाकलायला सांगितलं. मग एकच गोळी झाडली.

कॉलिनने दबक्या आवाजात विचारलं, की निदान मांस तरी कुणाच्या उपयोगी पडेल का. हेलन म्हणाली, की नाही. जनावराचं वय ठाऊक नाही, त्याची कागदपत्रं नाहीत, अशा गुरांचं मांस या देशात खाता येत नाही, जाळावं लागतं. दुपारी एक लॉरी आली आणि बैलाला घेऊन गेली. एवढं मोठं जनावर, आणि एकाही ताटात घास पडला नाही. हे सांगताना ऋजुता रडली.

रात्रीच्या जेवणाला कुणी फार खाल्लं नाही. मुरलीधररावांना वेगळीच काळजी होती. क्रॉसबो सुनीतीबाईंचा होता. पोलिसांत गेलं तर पेपरात त्यांचंच नाव येईल आणि शाळेत पालक काय म्हणतील, असं त्यांना वाटत होतं. बैल तर गेलाच, आता गप्प बसावं, असं त्यांचं मत पडलं.

सुनीतीबाई म्हणाल्या, "अहो, गप्प बसलो तर तो पुन्हा जाईल. पुढच्या वेळी नेम चांगला धरेल, एवढाच फरक." मग त्या हळूच म्हणाल्या, "त्याची नोकरी गेली हे मला माहीत होतं. घरात चूल कशी पेटते, ते मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या कॉलिनकडे गेल्या. त्यांनी धमकी दिली नाही. तू आपणहून जा, मी तुझ्याबरोबर येते, एवढंच सांगितलं. पोलीस स्टेशनात दोघं शेजारी शेजारी बसले आणि मी काउंटरवर होतो. पेपरात नाव आलं. शाळेत काही दिवस कुजबुज झाली आणि मग थांबली. कॉलिनला कोर्टाने लोकोपयोगी कामाची शिक्षा दिली. क्लबाने मतदान घेऊन त्याला काढून टाकलं, आणि त्या दिवशी सुनीतीबाई बराच वेळ गाडीत बसून होत्या.

मी पुरावा म्हणून पोलिसांच्या कोठीत पडलो. तिथे ओल होती. माझ्या दस्त्याला कुणी तेल लावलं नाही, दोरी सैल पडली, कमानीवर गंजाचे ठिपके आले. ते ठिपके आजही आहेत.

उरलेल्या कळपाचं काय, हा प्रश्न होताच. बैलाची बातमी सगळीकडे झाल्यावर कोर्टाने वारसांना गुरं पकडून बंदिस्त जागी ठेवायला सांगितलं. ती कुठून येतात, कुठे पाणी पितात, हे कॉलिनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ऋजुताने हेलनशी आणि शिक्षेचं काम ठरवणाऱ्या अधिकाऱ्याशी बोलून त्याला त्या कामावर लावून घेतलं. त्याने खाणीच्या तोंडाशी मजबूत वाडगं, म्हणजे गुरं कोंडायचं कुंपण, बांधलं, रोज पहाटे त्यात खाद्य टाकलं आणि लांब जाऊन उभा राहिला. आधी वासरं आली. मग गाई. हिवाळा संपता संपता शेवटची म्हातारी गाय त्याच्या हातातल्या बादलीमागून चालत आत गेली. त्याने फाटक लावलं आणि तिथेच गवतात बसला. पुढे हेलनच्या ओळखीने त्याला एका गोठ्यावर कायमचं काम मिळालं.

सुनीतीबाईंनी मला परत आणलं, पण घरी नेलं नाही. क्लबाला हे पोलादी कपाट त्यांनीच दिलं. आता नवीन माणसं माझ्यावर शिकतात. त्यांच्या हातात मला देण्याआधी सुनीतीबाई त्या बैलाची हकिकत सांगतात. कॉलिनचं नाव घेत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरात असतील. सुरी असेल, कोयता असेल, पुढे कधी वेगवान गाडी असेल. त्यांना जपा, पुसून ठेवा, कुलूप लावा. पण माझी खरी विनंती निराळीच आहे. एखादा मित्र नेहमीसारखा हसत असला, तरी त्याच्या घरी एकदा जाऊन या. कॉलिनच्या घरी कुणी वेळेवर गेलं असतं, तर मी त्या दुपारी व्हॅनमधून सरळ घरी आलो असतो, आणि तो तांबडा बैल भिंतीजवळ रवंथ करत उभा राहिला असता.