आरसी बुकातला झील

आमच्या भागात नव्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत. "कोणाचो रे तू?" असं विचारतात. घर कळलं की माणूस कळला, नावाची घाई कोणाला? म्हणून यान कुबिश नावाचा चेक माणूस वालावलला आमच्या घरी भाड्याने राहायला आला, तेव्हा माझ्या आईने, तुळसाबाईने, त्याला भाताआधी हेच उत्तर शिकवलं. वाटेत कोणी अडवलं, विचारलं, तर बावरायचं नाही, "नानांचो" म्हणायचं. नाना म्हणजे माझे वडील, नारायण चेंदवणकर.

यान आला होता खाडीतल्या पाणमांजरांचा अभ्यास करायला. अभ्यास म्हणजे पहाटे होडीत बसून जायचं आणि पाणमांजरांची विष्ठा बाटल्यांत भरून आणायची. एवढ्यासाठी सात समुद्र ओलांडून माणूस येतो, यावर गावाचा विश्वास बसायला वर्ष गेलं. त्या बाटल्यांसाठी त्याने फ्रिजमधला एक कप्पा मागितला होता. आईने सोलकढी दिली, कप्पा दिला नाही. गावाने त्याचं जानू करून टाकलं आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

मग त्याने मोटरसायकल घेतली. कुडाळच्या शोरूममधला माणूस फॉर्म भरत होता. गोरा माणूस मालवणी बोलतो म्हटल्यावर त्याला हुरूप आला. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी त्याने मजेत विचारलं, "तू कोणाचो रे?" जानूला वाटलं, आली परीक्षा. छाती पुढे काढून तो म्हणाला, "नानांचो. वालावलच्या नाना चेंदवणकरांचो." शोरूमवाला नानांकडून दरवर्षी काजू घ्यायचा. त्याने नानांचं पूर्ण नाव न विचारताच लिहून टाकलं. पासपोर्टवर बापाचं नाव नव्हतंच, त्यामुळे ताडून बघायला काही नव्हतं. पुढे आरसी बुक आलं. बुक म्हणायचं, असतं ते कार्ड. त्यावर स्वच्छ छापलेलं: यान कुबिश, मुलगा नारायण चेंदवणकर यांचा. मुलगा म्हणजे आमच्याकडचा झील.

मी ते पहिल्याच दिवशी वाचलं आणि दुरुस्त करून घ्या म्हटलं. मी कुडाळला एका वकिलांकडे टायपिंग करते, असल्या चुका पुढे कशा नडतात ते रोज बघते. पण ऐकतो कोण? नानांनी ते कार्ड खिशात घातलं आणि लक्ष्मीनारायणाच्या देवळात चार जणांना दाखवून आले. मला जो भेटेल तो विचारू लागला, "गो किशोरी, तुका भाव झालो म्हणे, पेढे खंय?" आईसुद्धा माशाचं डोकं त्याच्या ताटात वाढू लागली. ते डोकं तोपर्यंत माझं होतं.

सगळ्यांत घाबरला तो माझा चुलतभाऊ मंगेश. एका संध्याकाळी पडवीत येऊन बसला, हवापाण्याचं बोलला, मग हळूच म्हणाला, "गो, सरकारी कागदार झील म्हणान नाव लागला, मगे काजीच्या बागेत हिस्सो लागता काय?"

"मोटरसायकलच्या कागदान बाग मिळाक लागली तर सगळे शोरूमवाले जमीनदार झाले असते," मी म्हटलं.

तो निश्चिंत होऊन गेला. मी मात्र बसल्या जागी धुमसत राहिले. एका परक्या माणसाच्या हिश्श्याच्या काळजीने त्याला झोप येईना, आणि मी त्याच घरात जन्मलेली, माझा हिस्सा असू शकतो हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला तरी काय बोलायचं? लहानपणापासून मी ऐकत आले आहे. पाहुणा आला की चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारणार, "नाना, झील नाय?" नाना कधी उत्तर द्यायचे नाहीत. सुपारी कातरत राहायचे. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या परीने लावला होता आणि तो मला आवडत नव्हता. घरची वीजबिलं, गॅस, सातबारा, पीकविमा, सगळ्या रांगा मी लावायच्या, आणि कागदावर झील आयता दुसराच. खरं सांगते, मला राग यायचा. जानूचा नाही, तो बिचारा देवमाणूस. नानांचा.

यंदा जानूचा अभ्यास संपला. संस्थेने परत बोलावलं, विमानाचं तिकीट आलं, आणि गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक घरचंच मिळालं. वेंगुर्ल्याच्या जेटीवरून मासे आणून आमच्या वाडीत विकणारा नितेश. त्याने व्यवहार ठरल्या दिवशीच गाडीच्या मागे माशांच्या क्रेटसाठी लोखंडी घोडा बसवून घेतला आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. शेवटचे काही दिवस जानू तसाच, लिंबू-मिरची लावून, पाणमांजरांना भेटायला जात होता.

कागद अर्थातच मी जमवले. फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस, विमा, पीयूसी, जानूचा पासपोर्ट, व्हिसा, पोलिसांकडची परदेशी नागरिकाची नोंदणी, आमचा भाडेकरार. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते, ते जानूने इतकं मन लावून केलं की नितेश म्हणाला, ह्येका हयच ठेवा. आरटीओतल्या बाईंनी सगळं शांतपणे बघितलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पोलिसांच्या नोंदणीत वडिलांचं नाव पेटर कुबिश. आरसीवर नारायण चेंदवणकर.

"यांना दोन वडील आहेत का?" बाईंनी विचारलं.

"एक थंय, एक हयसर," जानूने खरं तेच सांगितलं.

बाईंना हसू आलं, पण नियम त्यांनी नीट समजावला. नाव चुकून लागलं असं जानूने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. आणि ज्यांचं नाव लागलं, त्यांनीही लिहून द्यायचं की हा माझा मुलगा नाही. दोन्ही कागद आले की गाडी नितेशच्या नावावर.

मी त्याच दुपारी दोन्ही मसुदे तयार केले. जानूने आपल्यावर सही ठोकली. नानांचा मी घरी नेला. नानांनी चष्मा लावून तो वाचला, परत वाचला, घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला.

"सही?" मी विचारलं.

"बघतंय," नाना म्हणाले.

आमच्याकडे 'बघतंय' म्हणजे नाही. रोज सकाळी मी विचारायचे, रोज तेच उत्तर. जानूचं जायचं जवळ आलं. नितेश दिवसातून तीनदा फोन करायचा, गाडी त्याच्या नावावर झाल्याशिवाय त्याच्या घरचे त्याला ती जेटीवर नेऊ देईनात. गावात बातमी पसरली की नानांना झील सोडवत नाही. बायका डोळे पुसू लागल्या. आई म्हणाली, "त्यांचो जीव जडलोहा त्याच्यार, तू घाई करू नको." आणि जानू तर फारच हळवा झाला. "नाना, सही नको," तो म्हणाला. "गाडी हय ऱ्हवांदे. माका चलात."

त्याला चालेल, पण कायद्याला चालणार नव्हतं. मालक परदेशात आणि गाडी वालावलात, अशी गाडी ना विकता येते ना चालवता. मी शेवटी नानांना स्वच्छ शब्दांत बजावलं. माझ्या आवाजात जरा धार होती. झील एवढा प्यारा असेल तर त्याच्या भल्यासाठी तरी सही करा, म्हटलं. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कुडाळला आले. जानू आणि मी बरोबर होतो.

आमचे वकील साहेब नोटरीही आहेत. त्यांची पद्धत अशी की सहीआधी कागद मोठ्याने वाचायचा. त्यांनी वाचायला घेतलं. "मी, नारायण धोंडू चेंदवणकर, राहणार वालावल, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर यान कुबिश हा माझा मुलगा नाही. मला फक्त एक मुलगी असून..."

"थांबा," नाना म्हणाले आणि हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

साहेब समजूतदार माणूस. "नाना," ते म्हणाले, "तुमचं त्याच्यावर प्रेम आहे, ते कागदाने कमी होत नाही. हा नुसता उपचार आहे."

"त्याचा काय?" नाना म्हणाले. "तो माझो झील नाय ह्या माका म्हायत आसा, त्येकाय म्हायत आसा. त्याचो बापूस थंय बरो धडधाकट आसा, दर रविवारी फोन करता. मी बोलतंय त्याच्याशी. त्येका माझा समजणा नाय, माका त्याचा समजणा नाय, पण बोलतंव."

"मग अडलं कुठे?"

नानांनी कागदावर बोट ठेवलं. "हो 'फक्त' खंयसून इलो?"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. जानू एकदा माझ्याकडे, एकदा नानांकडे बघू लागला.

"कोणी लिवल्यान ह्या?" नानांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"मी लिवलंय," मी म्हटलं.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय, नाना. तसाच लिवतत. ज्येंका एक चेडू आसता, त्यांच्या कागदार तसाच आसता."

हे खरं होतं. वारसाचे कागद, बँकेचे कागद, असे कितीतरी मी टाइप केले आहेत. फक्त एक मुलगा, असं मात्र मी कधी टाइप केल्याचं आठवत नाही. आणि त्या दिवशी ते वाक्य लिहिताना मी माझ्याबद्दल लिहिते आहे, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"लोकांच्या कागदार असांदे," नाना म्हणाले. "आमच्या कागदार नको. इतकी वर्सां लोक माका झील नाय काय म्हणान इचारतत. त्येंका काय उत्तर देवचा? सांगलंय तरी समजाचा नाय. पण तूच असा लिवलंस तर मी सही खंय करू?"

म्हणजे इतके दिवस तो कागद देव्हाऱ्यावर होता तो जानूमुळे नव्हता. साहेबांसमोर रडायची माझी मुळीच इच्छा नव्हती, म्हणून मी उठून कॉम्प्युटरकडे गेले. तो एक शब्द काढला. मला एक मुलगी आहे, एवढंच वाक्य राहिलं. दुसरा स्टॅम्प पेपर लावून प्रिंट काढली. साहेबांनी पहिल्यापासून परत वाचून दाखवलं. नानांनी त्या ओळीपाशी मान हलवली आणि नेहमीच्या सावकाश अक्षरांत सही केली.

"फक्त म्हणजे काय?" जानूने मला हळूच विचारलं. त्याचं सगळं मालवणी आईकडून आलेलं, त्यात हा शब्द नव्हता.

"मगे सांगतंय," मी म्हटलं.

गाडी नितेशच्या नावावर लागली, जानू वेळेत विमानात बसला. पण ते नंतर. त्या दिवशी निघताना साहेबांनी उगीच कुरकुर केली, की नाना, तुमच्या एका शब्दापायी माझा स्टॅम्प पेपर वाया गेला.

"तिच्या पगारातसून कापा," नाना चपला घालता घालता म्हणाले. "चूक तिची आसा."

साहेबांनी महिनाअखेरीस तो खरोखरच कापला. मी एका अक्षराने भांडले नाही, आणि मला ओळखणाऱ्या कोणालाही हे अजून खरं वाटत नाही.