सरांचं पार्किंग

ड्रायव्हिंगच्या सरांकडे शिकलेला माणूस बाकी कशात कच्चा असेल, पण दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी मागे घेऊन लावण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. कारण सर हा धडा पुन्हा पुन्हा घेत, आणि तोही एकाच जागी, भजी-वडे तळणाऱ्या दुकानासमोर. "तुम्ही लावा, मी बाहेरून चाकं बघतो," म्हणत ते उतरत. शिकणारा घाम पुसत स्टिअरिंग फिरवी, तोवर सरांचा भज्यांचा गरमागरम पुडा संपलेला असे. चाकांकडे ते बघत नसत असं मात्र नाही. खाता खाता बघत.

कोलेस्टेरॉल वाढल्याचं कळल्यापासून गोळी ते इमानेइतबारे घेत. गोळी पोटात गेली की दिवसभराचं तळण माफ, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. घरी बायको तेल चमच्यानं घालू लागली. लोणी बंद झालं. दोन प्रकारचा स्वयंपाक नको म्हणून तीही तेच उकडलेलं खाऊ लागली. संध्याकाळी ती त्यांना फिरायला नेई. सर लगेच बाकावर टेकत आणि फेऱ्या ती एकटीच मारी.

आज डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. त्या सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. ओळखीचा दवाखाना म्हणून सरच मोठ्या तोऱ्यात इथे येऊ लागले होते.

"कमी व्हायचं सोडून वाढलंय. गोळीचा डोस वाढवावा लागेल," त्या म्हणाल्या. "घरी जेवणात काय असतं?"

बायकोनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "माझंच चुकत असेल. मी बेतानंच घालते हो, पण हात सैल पडत असेल. उद्यापासून तेल बंदच करते."

"काकू, किती वाळलात तुम्ही," असं म्हणून डॉक्टर सरांकडे वळल्या. "सर, पार्किंग अजून तिथेच शिकवता?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो," ते पुटपुटले.

"यांच्यासारखं पार्किंग कोणी शिकवत नाही," बायको कौतुकानं म्हणाली.

डॉक्टर पेन हातात धरून नुसत्या थांबल्या. सर आता गप्प बसले असते तर डोस वाढला असता, आणि दोष जन्मभर बायकोच्या माथी राहिला असता. सरांचे कान तापले. वर बघायची त्यांना लाज वाटली.

"तुझा हात सैल नाही," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "मी बाहेर तळलेलं खातो. रोज. शिकवायच्या नावाखाली."

मग ते मान खाली घालून बोलणी खायला तयार राहिले. तिनं चारचौघांत झाडलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे माझ्या स्वयंपाकानं नाही ना वाढलं?"

"नाही, काकू."

"मला वाटायचं, यांना काही झालं तर ते माझ्या हातून होईल," ती म्हणाली, आणि जीव भांड्यात पडून तिथेच रडायला लागली.

सरांनी घाईनं खिशातून रुमाल काढला. त्याला तळणाचा वास येत होता. त्यांनी तो तसाच परत खिशात कोंबला.