खोटं सुतक

सुलाबाई जिवंत आहेत, हे शाळेला कुणी सांगितलं?

चंदनाच्या डोक्यात सकाळपासून हा एकच भुंगा घुमत होता. शाळेच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा तिचे हात कणकेत होते. पलीकडची बाई अगदी साखर घोळलेल्या आवाजात म्हणाली, "कस्तुरीच्या आजींचं निधन झाल्याचं तुम्ही ॲपवर कळवलं होतं. त्या हयात आहेत असं समजलंय. उद्या पालकांनी समक्ष येऊन सरांना भेटावं." कुणाकडून समजलं म्हणून विचारेपर्यंत फोन बंद झालासुद्धा.

आता चंदनाचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याच्या मापावर तिचा विश्वास नाही, टीव्हीवरच्या हवामानावर नाही, आणि नवरा 'दुकानात बसलोय' म्हणाला की ती मागून ट्रॅक्टरचा आवाज येतोय का ते ऐकते. जिनेंद्रचं मलकापुरात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, म्हणून. पण या वेळी तिचा संशय खोटा म्हणता येत नव्हता. घरातली गोष्ट बाहेर गेली होती. कुणीतरी ती नेली होती.

सुलाबाईंना तिनं मारलं होतं ते नाइलाजानं. त्या जिनेंद्रच्या चुलती, राहायला दुधगावात. दरवर्षी भाद्रपदात दसलक्षण पर्वाचे दहा दिवस चंदना आणि कस्तुरी तिकडं जात. देऊळ घरासमोर, रोज अभिषेक, पूजा, प्रवचन. यंदा तर कस्तुरी पहिल्यांदाच एकाशन करणार होती, दिवसातून एकदाच जेवायचं. आठवीतली पोर, आपणहून म्हणाली होती. चंदनाला त्याचं केवढं कौतुक! पण शाळेच्या ॲपमध्ये रजेची कारणं तीनच होती. आजारपण, घरातलं निधन आणि इतर. दोन वर्षांपूर्वी तिनं सरळ 'इतर'मध्ये दसलक्षण पर्व म्हणून लिहिलं, तर लाल अक्षरांत उत्तर आलं, 'पुरावा जोडा.' पुरावा कशाचा जोडायचा? मुनीमहाराजांचं सर्टिफिकेट? तेव्हापासून कस्तुरीला भाद्रपदात ताप यायला लागला. यंदा दोन-तीन दिवसांवरच्या तापाला डॉक्टरचा कागद लागेल असा नवा नियम निघाला. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस ताप चालला असता, पुढं काय?

मग उरलं निधन. माहेरचं माणूस मारायला हात धजेना. सासू-सासरे आधीच गेलेले, ते शाळेला ठाऊक. सुलाबाई ऐंशीच्या पुढच्या आणि शाळेच्या कुणाच्या ओळखीच्या नाहीत. चंदनानं त्यांचं नाव टाइप केलं, 'कुटुंबात सुतक आहे' असं खाली लिहिलं, आणि बटण दाबल्या दाबल्या जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. सुतक म्हणजे घरात कुणी गेल्यावर पाळायचे अशुद्धीचे दिवस, त्यात देवळाची पायरी चढायची नाही. आणि हिनं नेमक्या देवळात जायच्या दिवसांसाठी घराला सुतक लावून घेतलं होतं! अंघोळ करूनही मनाला लागायचं ते लागलंच. दुधगावात सुलाबाई एकाशन केलेल्या कस्तुरीच्या तळपायाला तेल चोळत बसायच्या, तेव्हा चंदना तिथून उठून जायची.

हे सगळं घरात तिघांनाच माहीत होतं. मग शाळेपर्यंत गेलं कसं?

पहिला संशय गुंडावर गेला, शाळेची व्हॅन चालवणारा. दुपारी पोरांना सोडायला आला तशी चंदनानं त्याला खिडकीतच गाठलं.

"गुंडा, आमच्या घरातलं शाळेत कुणी काय विचारतंय का तुला?"

"मला कोण इचारतंय, वैनी? मला गेटच्या आत बी सोडत न्हाईत." गुंडा हसला. "पाणी प्यायला गेलो तर वॉचमन म्हणतोय, पालक हायस का?"

गुंडा सुटला. मग राहिली प्रीती.

प्रीती चंदनाची धाकटी जाऊ, मागच्याच गल्लीत राहायची. तिचा सम्मेद त्याच शाळेत सहावीला. पोरगं गुणी होतं यात वाद नाही, पण दरवर्षी त्याला पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळायचं आणि प्रीती ते प्रशस्तिपत्र दिवाणखान्यात लावायची. दसलक्षणात ती मलकापूर सोडून कुठं जायची नाही. सम्मेदला शाळा सुटल्यावर इथल्याच देवळात न्यायची. 'आमचा सम्मेद एक दिवस बुडवत नाही,' हे तिनं जुलैमध्ये एका बारशात सगळ्यांदेखत म्हटलं होतं. चंदनाला आत्ता ते सगळं लख्ख दिसायला लागलं.

ती गेली तेव्हा प्रीती गवार मोडत बसली होती.

"शाळेत सुलाकाकींबद्दल काय बोललीस तू?"

प्रीतीचे हात थांबले. "का? काय झालं त्यांना? बऱ्या हायत न्हवं?"

काय नाटक करते बया, असं चंदनाच्या मनात आलं. "त्यांना काय धाड भरलीया! आमच्या कस्तुरीची हजेरी गेली की तुमच्या सम्मेदची उठून दिसते, एवढं मला कळतं."

"ताई, तुम्ही काय बोलालाय, मला खरंच समजंना."

"समजंना कसं? शाळेला जाऊन सांगितलंस ते समजलं, आन् हे समजंना व्हय?"

प्रीतीनं गवारीची परात बाजूला सारली. तिचे डोळे भरले होते. "परवाच क्षमावाणीला तुम्ही मला मिठी मारून उत्तम क्षमा म्हणालात. ती काय नुसती तोंडाची व्हती?"

पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची, वर्षभरात कळत नकळत दुखावलं त्याबद्दल. चंदनानं यंदाही कुणाला सोडलं नव्हतं. कमळाच्या चित्राचा मेसेज तिनं सगळ्या ग्रुपवर पाठवला होता, शाळेच्या पालक ग्रुपवरसुद्धा.

"ते वेगळं आन् हे वेगळं," असं म्हणून ती चपला घालून निघाली. वाटेत तिला वाटलं, आपलं जरा जास्तच झालं. पण रडली म्हणून काय झालं, रडता कुणालाही येतं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

घरी येईपर्यंत तिचा निर्णय झाला होता. तसा तो माधवनगरच्या स्वप्नालीनं आधीच निम्मा करून दिला होता. स्वप्नाली दुधगावात प्रवचनाला भेटलेली. तिची दोन्ही मुलं शाळेत जातच नाहीत, घरी शिकतात आणि परीक्षा मुक्त विद्यालयातून देतात. ना हजेरी, ना ॲप, ना पुरावा. चंदनाला आधी तिचाही संशय आला होता. एवढं चांगलं आहे तर सगळे का करत नाहीत? दुधगावाहून येता येता ती माधवनगरला स्वप्नालीच्या घरी उतरली आणि तिच्या थोरल्याला आडून आडून सतराचा पाढा विचारला. पोरानं तो म्हटला, वर 'तुम्हाला तेवीसचा येतो का?' असंही विचारलं. तेव्हापासून चंदनाच्या मनात घरशाळेनं घर केलं होतं. सणाला गावी जाता येईल. पोर दिवस मावळायच्या आत निवांत जेवेल, शिकवणीहून धापा टाकत यायला नको. आपण बीकॉम आहोत, अगदीच अडाणी नाही.

जिनेंद्र जेवता जेवता म्हणाला, "घरी शिकवणार कोण?"

"मी."

"तू? तुझा तर कुणावर विश्वास न्हाई. पुस्तकात छापलेलं तरी खरं मानशील का?"

"थट्टा नको. नियम माणसासाठी असतात का माणूस नियमासाठी? आपल्या पोरीला देवळात न्यायचं तर चोरासारखं न्यायचं. मी उद्या दाखला काढून आणते."

कस्तुरीचा घास हातातच राहिला. "आई, मला शाळा आवडते."

"तुला शाळा आवडते, पण शाळेला तुझी नुसती हजेरी आवडते."

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"तू अजिबात घाबरू नको. ज्यानं कुणी चहाडी केलीय ना, त्याला मी सोडत न्हाई. तुझ्या काकूला आज चांगली ऐकवून आलेय."

कस्तुरीचा चेहरा उतरला. तिनं ताट पुसून घेतलं आणि ती आत निघून गेली. बघा, पोरीनं शाळेचा किती धसका घेतलाय, असं चंदनाला वाटलं आणि तिनं त्याच तिरीमिरीत दाखल्याचा अर्ज लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गशिक्षिका राजनंदिनी मॅडम जिन्यातच उभ्या होत्या. सरांकडं जायच्या आधी त्यांनी चंदनाला रिकाम्या वर्गात नेलं आणि दार लोटलं.

चंदना खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही. "मॅडम, चूक माझी हाय, मी मान्य करते. पण तुम्हाला हे सांगितलं कोणी, तेवढं मला कळायला पाहिजे."

मॅडमना नवल वाटलं. "तुम्हाला खरंच माहीत नाही? कस्तुरीनं सांगितलं."

"कोण कस्तुरी?" असं चंदनाच्या तोंडून गेलं.

"तुमची कस्तुरी. गावाहून आली त्या दिवशी, हजेरी घेताना टेबलापाशी येऊन तिनं हात जोडले. मला वाटलं, तुमच्याकडं क्षमा मागायची पद्धत आहे, तेवढंच असेल. तर म्हणाली, 'उत्तम क्षमा, मॅडम. मागच्या वर्षी मला ताप नव्हता. यंदा आमची सुलाआजी बरी आहे. घरात सुतक नव्हतं आणि मी रोज देवळात जात होते.' मी म्हटलं, बरं बाळा, जा बस. तर म्हणते, रजेचा अर्ज मोठ्या सरांच्या नावानं होता, मग त्यांचीही मागायला पाहिजे. मी उठेपर्यंत ती सरांच्या केबिनमध्ये पोचली होती."

"तुम्ही तिला अडवायचं न्हाई का?"

"काय सांगून अडवू? असू दे खोटं, असं?" मॅडमनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमचे हे लष्करात आहेत. ते सुट्टीवर आले की माझ्या पोराला ताप येतो. दरवर्षी येतो. बाप वर्षातून एकदा घरी येणार आणि पोरगं शाळेत बसणार, असं कसं चालेल? पण ॲपमध्ये 'वडील आलेत' असं कारण नाही. तुम्ही एकट्याच नाही, चंदनाताई. सगळेच लिहितात. खोडलं फक्त तिनं."

दूधवाला, गुंडा, प्रीती, सगळ्या जगावर चंदनाचा संशय घेऊन झाला होता, आणि आपल्या ताटात जेवणाऱ्या पोरीकडं तिची नजर गेली नव्हती. पोरीचा तिला राग आला आणि त्याच क्षणी स्वतःची अशी लाज वाटली की खिडकीतून खाली उडी टाकावी.

मोठ्या सरांनी फार वेळ घेतला नाही. सगळे दिवस गैरहजेरीत धरले जातील, पुन्हा असं झालं तर वरच्या वर्गात घालायचं की नाही याचा विचार करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. चंदनानं रात्रभर जुळवून ठेवलेल्या भाषणातलं एकच वाक्य कसंबसं काढलं. "सर, ॲपमध्ये खरं कारण लिहायला जागा ठेवा की." सर म्हणाले, "सूचना पेटीत टाका." दाखल्याचा अर्ज पर्समध्येच होता. आधी पोरीशी बोलते, मग काय ते सांगते, असं म्हणून ती बाहेर आली.

मधली सुट्टी झाली होती. कस्तुरी नळापाशी डबा धूत होती. आईला बघून तिनं नळ बंद केला.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"काल सांगत होते."

"आधी का न्हाई? क्षमावाणीला माझ्या पाया पडलीस तेव्हा?"

"तेव्हा तू सगळ्यांना मेसेज पाठवत होतीस." कस्तुरी डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. "म्हणालीस, थांब, एवढे पाठवून होऊ देत."

चंदनाला ते आठवलं. तिनं कस्तुरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "हे बघ, मी अर्ज आणलाय. आपण घरीच शिकू. कुणाला कारण सांगायला नको, पुरावा नको. खोटं बोलायची पाळीच येणार न्हाई. तुलाही न्हाई आन् मलाही न्हाई."

हे तिनं अगदी मनापासून सांगितलं होतं. कस्तुरीनंही ते नीट ऐकून घेतलं.

"घरी हजेरी कोण घेणार?"

"मीच की. दुसरं कोण?"

"मग ती खरी हाय हे कसं कळणार?"

तिच्या बोलण्यात ना टोमणा होता, ना राग. गणितात अडल्यावर विचारते तसं तिनं विचारलं होतं. आयुष्यभर चंदना लोकांकडं ज्या डोळ्यांनी बघत आली होती, त्याच डोळ्यांनी तिची पोर आता तिच्याकडं बघत होती.

चंदनानं पर्स काखेत मारली आणि म्हणाली, "अर्ज देत न्हाई मी. घरी जाताना प्रीतीकाकूकडं जाते. काल तिला नको ते बोललेय, तिची क्षमा मागते."

"मी पण येते."

"तू कशाला? तू काय केलंस तिचं?"

"काय न्हाई केलं. नुसती बघायला येते."

"अगं, जाते म्हटलं ना मी."

घंटा झाली. पोरं वर्गाकडं पळायला लागली. कस्तुरीनं डबा पिशवीत टाकला, चार पावलं गेली आणि पुन्हा वळली.

"शाळा सुटेपर्यंत थांब," ती म्हणाली. "माझ्याशिवाय जाऊ नको."