नाक गार अन् खोली गरम

मित्रांनो, मी थर्मामीटर हाये. जुना हाये, अन् खोटं बोलत नाई. पोटात पारा, पाठीवर पितळेची पट्टी, अन् पट्टीवर आकडे कोरलेले. शाळेत मी गेलो नाई. आकडे माह्याच पाठीवर असल्यावर कायले जाऊ?

कुठं जन्मलो ते मले ठाव नाई. शुद्धीवर आलो तवा कामरगावात पन्नालाल शेठच्या जिनात होतो. जिन म्हंजे कापसातून सरकी वेगळी काढाचा कारखाना. सरकीचा ढीग लागे छपराएवढा. ओलसर सरकी दाबून राह्यली की आतल्या आत तापते, अन् तापता तापता एक दिवस पेटते. बाहेरून हात लावून काही समजत नाई. म्हनून मले लोखंडाच्या नळीत घालून ढिगात खुपसत. पारा चढला की ढीग उलथवाचा. वीस साल मी हे काम केलं, अन् वीस सालात ढीग एकदाही पेटला नाई. शेठ मले सोता धोतराच्या सोग्यानं पुसे. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नसे, फक्त हिरीबाईले.

हिरीबाई मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. हंगामात ती ढीग सांभाळे, अन् उन्हाळ्यात शेठच्या घरच्या खिडक्यांले वाळ्याच्या ताट्या बांधे. वाळा म्हंजे वासाच्या गवताच्या मुळ्या. त्याच्यावर पानी मारलं की बाहेरची झळ आत येता येता गार होते, अन् घरभर वास सुटते. तिले अक्षर येत नव्हतं. ती माही रेघ बोटानं मोजे. पारा किती बोटं चढला, किती उतरला, बस. पन तिची बोटं कधी चुकली नाईत.

शेठ गेला. गादीवर पोरगा आला, फूलचंद. तो चार साल मुंबईले राहून आलता, अन् परत आला तो नाक वर करूनच. मले जिनातून काढलं अन् घरच्या बैठकीत खिळ्याले टांगलं. शोभेसाठी! ज्यानं वीस साल आग थांबवली तो आता भिंतीवर, हरनाच्या शिंगांच्या बाजूले. पाव्हने येत अन् मले विचारत, यंदा ऊन किती. मी सांगो. मंग ते सरबत पीत.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात फूलचंदनं मुंबईहून थंडीचं यंत्र आनलं. कपाटाएवढी पेटी, समोर जाळी, बाजूले एक गोल खुटी. गावात तवा लाइट नव्हती. मंग लाइट बनवाले जिनचं इंजिन चालू केलं. जे इंजिन हंगामात अख्ख्या गावाचा कापूस काढे, ते आता एका मानसाच्या आंगाचा घाम वाळवाले धडधडू लागलं. मी भिंतीवरून पाहो अन् मले शरम ये, इंजिनाची.

यंत्र बैठकीच्या खिडकीत बसवलं. तिथली वाळ्याची ताटी फेकली. फूलचंद म्हने, पाव्हन्यांसमोर हा गावंढळ वास नको. हिरीबाईले सांगितलं, आता ताट्या बंद, तू फक्त माठ भरत जाय.

या यंत्राची अक्कल कुठं होती ते सांगतो. जाळीच्या मागं तांब्याची एक बारीक नळी अन् तिच्या टोकाले करंगळीएवढी एक कांडी. खोलीतली हवा जाळीतून आत जाय ती या कांडीवरून. हवा गरम असली तर कांडी यंत्राले म्हने चाल. गार लागली तर म्हने थांब. पोटात काहीतरी फुगे अन् आकसे, एवढंच तिचं शिक्षन. मीबी फुगतो अन् आकसतोच म्हना. पन मी तोंडावर आकडा सांगतो. ही कांडी जाळीमागं लपून हुकूम सोडे, अन् हिचा हुकूम कोनी तपासत नसे.

पंधरा दिवस बरं चाललं. मंग एक दिवस दुपारी यंत्राची धडधड थांबली. पंखा फिरे, हवा येई, पन थंडी नाई. बाहेर एकशे बारा फॅरनहाइट, खोलीत मी शहान्नव दाखवून राह्यलो, अन् यंत्र म्हनते थंडी पुरे झाली. दुसऱ्या दिवशी तसंच. रोज सकाळी ठीक, रोज दुपारी बंद.

नागपुरावरून मिस्त्री बोलावला. इस्तरीची पँट, कानावर पेन्सिल. तो सकाळी आला, इंजिन चालू केलं, यंत्र झकास चाललं. म्हने कांडी बिघडली. नवी बसवली अन् अकराच्या मोटारीनं गेला. दुपारी यंत्र बंद. पुन्हा आला, पुन्हा सकाळीच. म्हने इंजिनाची लाइट कमीजास्त होते. पुन्हा अकराची मोटार. दोन खेपा तो माह्या खालून गेला, पन मान वर करून मले एकदाबी विचारलं नाई का बाबा, खोलीत किती हाये. माह्या अंगावर धूळ होती ना. नव्या विद्येले धूळ चालत नाई.

तिसऱ्या खेपेले मोटार बिघडली अन् त्याले दुपारलोक थांबा लागलं. तो जेवून येऊन बसला, अन् साडेबाराले यंत्र बंद पडलं, त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानं जाळीखाली हात फिरवला. बोटं ओली झाली, अन् बोटाले वाळ्याची एक काडी चिकटली.

म्हने, "शेठ, कोनीतरी पानी घालते याच्यात."

फूलचंदले वाळा दिसला अन् त्याचा हिशोब झाला. घरात वाळा कोनाजवळ? हिरीजवळ. यंत्रानं ताट्या कोनाच्या गेल्या? हिरीच्या. त्यानं तिले माठाजवळून तशीच बोलावली, हात ओले, डोक्यावर पदर. त्याची माय, पानाबाई, तिथंच पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. रोज जेवली की ती या खोलीत आंग टाके.

फूलचंद म्हने, "ताट्या गेल्याचा राग यंत्रावर काढतेस? आजपासून घरात यायचं नाई. जिनातबी नाई."

जिनातबी नाई. मित्रांनो, हे म्हनाले दोनच शब्द हायेत. पन हिरीबाईचा हिवाळा त्या जिनावर जाय. अन् वाईट नाव लागलेल्या बाईले दुसऱ्या जिनात कोन उभं करते?

ती रडली नाई. म्हने, "शेटजी, मी आताच्या आता बाहेरून येऊन राह्यली. यंत्र तुमच्या समोर बंद पडलं. मले येक डाव पाहू द्या, मंग हाकला."

मिस्त्री हसला. म्हने, "तू काय पाहशीन बाई?"

"जे तुमी पाह्यलं नाई, थे."

अन् ती सरळ माह्याकडं आली. खिळ्यावरून मले काढलं, पदरानं पुसलं. किती सालांनी! खोलीच्या मधात धरून उभी राह्यली, घाई न करता, जशी ढिगापाशी राहे. रेघेवर बोटं ठेवून मोजलं. मंग मले जाळीच्या तोंडाशी नेलं. पारा सरकन उतरला. तिनं पुन्हा मोजलं.

म्हने, "तीन बोटं खाली. खोली तापली हाये, अन् याचं नाक गार हाये. याले वाटते सगळीकडं गारच हाये, म्हनून हे झोपते. ह्याच्या नाकाशी काहीतरी ओलं हाये."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

तिनं जाळीच्या कडेनं दोन बोटं घातली अन् वाळ्याची ओली जुडी बाहेर ओढली. कांडीले चिकटूनच बसली होती. जुडी पळसाच्या सालीच्या दोरीनं बांधलेली, दोन गाठींची. ती गाठ मी ओळखली. हिरीबाईनंबी ओळखली, कारन तिचीच होती. पंधरा दिवसाआधी तिनं अशा जुड्या बांधून दिल्या होत्या. माठात टाकाले पाह्यजेत म्हनून मागितल्या होत्या पानाबाईनं.

हिरीबाईनं पलंगाकडं पाह्यलं. मंग खाली पाह्यलं.

फूलचंद म्हने, "गाठ तुहीच हाये ना?"

"माहीच हाये, शेटजी."

"मंग झालं. चाल नीघ."

तिनं मले खिळ्याले परत टांगलं. सरळ टांगलं, वाकडं नाई. अन् दाराकडं निघाली. उंबऱ्याशी पोहोचली असन, तवा पलंग करकरला.

"हिरी, थांब," पानाबाई म्हने. "जुडी तिची हाये. ठेवली मी."

ती पलंगावर उठून बसली.

"रोज दुपारी मीच ठेवतो, अन् दिवस मावळाच्या जेवनाआधी काढून उशीखाली घालतो, तुले दिसू नये म्हनून. तुही थंडी येते रे बापा, पन तिले वास नाई. डोळे मिटले का मले वाटते मी मेली अन् बर्फावर ठेवली. वाळा असला का वाटते घरी हाये."

इंजिन तेवढं धडधडत होतं. मंग पानाबाईच म्हने, "ज्या बाईनं माहं नाव घेतलं नाई, तिले तू हाकलून राह्यला."

फूलचंदनं माफी मागितली नाई. असल्या मानसाले ते जमत नाई, अन् जमन अशी आशा मी केली नव्हती. तो फक्त म्हने, खिडकीले ताटी बांध. यंत्र त्यानं दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं. मिस्त्री चारच्या बैलगाडीनं गेला, पेन्सिल कानावर तशीच. हिवाळ्यात हिरीबाई जिनात आली, अन् फूलचंदनं आपल्या हातानं मले खिळ्यावरून काढून तिच्याकडं दिलं. माफी म्हना की समजदारी. मी लोखंडाच्या नळीत घुसलो, सरकीत खुपसलो, अन् शोभेच्या सगळ्या सालांची धूळ एका दिवसात निघाली.

मित्रांनो, आता माहा पारा मधात तुटला हाये, अन् मी तुमच्या शाळेच्या कपाटात पडलो हाये. मले वापरू नका, मी आता चूक सांगन. पन ती कांडी फक्त यंत्रात राह्यते असं समजू नका. मी तिले मानसात लय पाह्यलं. आपल्या नाकाशी गार लागलं की म्हनते सगळं जग गार हाये, अन् झोपून जाते. तुमाले कधी सावलीत बसून वाटलं का यंदा ऊन कमी हाये, तर उठा, खोलीच्या मधात जाऊन उभे राहा. नाईतर हिरीबाईसारख्या, उन्हातून आलेल्या कोनाले विचारा. अन् विचारलं, तर त्याचं आयकून घ्या.