रविवारची पाच मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोन दारे, दोनच बैठका आणि अंगापेक्षा मोठा आवाज. माझ्यात बसायचे तर माणसाला चांगलेच वाकावे लागते. त्यामुळे सगळे मला नमस्कार करतात असा माझा बरीच वर्षे समज होता.

कारखान्यात माझे इंजिन दोघा कारागिरांनी हाताने जुळवले. त्यातल्या वयस्कर कारागिराने कान लावून ऐकले आणि मान डोलावली. पुढे मी एका दातांच्या डॉक्टरांकडे आले. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून कंटाळलेले डॉक्टर संध्याकाळी मला शहराबाहेरच्या चढाच्या रस्त्याने पिटाळत. शेजारी त्यांची बायको असे. केस विस्कटतात म्हणून ती कुरकुर करायची, पण घरी मात्र कधी थांबायची नाही. तेव्हा माझे फार कौतुक झाले आणि खोटे कशाला बोलू, ते माझ्या डोक्यातही गेले होते.

मग डॉक्टरांचे गुडघे गेले. आत बसणे जमे, पण बाहेर काढायला बायकोला दोन्ही हातांनी ओढावे लागे. फिरणे थांबले. तरी त्यांनी मला टाकले नाही. दर रविवारी न्याहारी झाली की ते गॅरेजमध्ये येत, माझ्यावरची चादर काढत, मला सुरू करून पाच मिनिटे आवाज ऐकत आणि पिवळ्या फडक्याने पुसून पुन्हा झाकून जात. नऊ वर्षांत एकही रविवार चुकला नाही. असा मालक मिळायला नशीब लागते, असे मला वाटे.

शेवटी मला विकायचे ठरले, तेव्हा जुने मिस्त्री तपासायला आले. त्यांनी ऑइलचे झाकण उघडले. झाकणाच्या आत लोण्यासारखा पिवळट फेस साचला होता.

"डॉक्टर, ही चालवता किती?"

"चालवत नाही. पण दर रविवारी सुरू करतो. पाच मिनिटं."

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले. "त्यापेक्षा सुरूच केली नसती तर बरं होतं. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. आतली वाफ आतच राहते, तिचं पाणी होऊन ऑइलात मिसळतं. पिस्टनच्या रिंगा गंजल्यात. सगळं इंजिन उघडावं लागेल."

डॉक्टर तिथल्याच स्टुलावर बसले. जपता जपता त्यांनीच मला आतून पोखरले होते. मला माझ्यापेक्षा त्यांचेच वाईट वाटले.

आता प्रश्न पडला, इंजिन नवे करून विकायचे की आहे तसे? डॉक्टरांच्या मेहुण्याकडे तिसरा उपाय तयार होता. "भाऊजी, जाडं ऑइल घाला आणि माणूस यायच्या आत गाडी गरम करून ठेवा. धूर नाही, खडखड नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"किडलेल्या दातावर मी आजवर नुसती कॅप बसवलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "इंजिन उघडायचं. मगच विकायची."

मी मनातून खूश झाले. म्हातारपणी नवे दात कोणाला नको असतात? पण बायको शांतपणे म्हणाली, "अहो, इंजिन नवं झालं की तुमच्याने ती विकवणार नाही. पुन्हा चादर, पुन्हा रविवार. तुम्हाला गाडी नाही, मनातली टोचणी दुरुस्त करायची आहे."

दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "आहे तशी दाखवू. लपवायचं काही नाही."

गिऱ्हाईक आले ते रविवारीच. लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई होती. तिने आल्या आल्या माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"आधीच सुरू केली होती?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. सगळे कळल्यावरही त्या सकाळी त्यांचा हात सवयीने किल्लीकडे गेला होता. मेहुण्याने सुचवलेली लबाडी या सरळ माणसाकडून नकळत झाली होती.

"इंजिनचा आवाज लपवायला लोक असंच करतात," म्हणत ती निघाली.

"थांबाल का?" डॉक्टर म्हणाले. "ही थंड होईपर्यंत?"

ती थांबली. गॅरेजमध्ये खुर्च्या आल्या. तीन तासांत डॉक्टरांनी तिला फेस, रिंगा, नऊ वर्षांचे रविवार, सगळे स्वतःहून सांगितले. मग त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. मी खोकले, खडखडले, निळा धूर सोडला. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाई मात्र हसली. "उघडून घेतलं नाहीत ते बरं केलंत. दुसऱ्याने बंद केलेलं इंजिन मला डोळे मिटून घ्यावं लागलं असतं. हे मी माझ्या हातांनी उघडीन."

तिने ते उघडले. चार महिने लागले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी सायकल, एखादी पेटी किंवा एखादे थकलेले माणूस असेल. त्यांना अधूनमधून पाहून, पुसून पुन्हा झाकून ठेवू नका. त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडा.

परवा बाईने मला डॉक्टरांच्या दारात उभे केले. बायकोने त्यांना आत बसवले. गल्ली संपून मोठा रस्ता लागला तसे डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "पाच मिनिटं झाली."

"अजून नीट तापलीही नाही," बाई म्हणाली, आणि आम्ही चढाला लागलो.