चाळणीखालची पाल

“गोदू, तुझ्याकडं किडके तांदूळ हाईत का?”

दारात उभं राहून जाईबाईने विचारलं आणि विचारल्याबरोबर तिला स्वतःच्याच जिभेचा राग आला. भिवंडीत निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत राहायला आल्यापासून ती गोदूबाईला तांदळातल्या अळ्यांवरून बोलत आली होती. ‘गोदूच्या घरचा भात शिजत न्हाय, वळवळतो,’ हे गल्लीभर करणारी तीच. तिच्या स्वतःच्या डब्यात तळाला कडुनिंबाचा पाला, वर सुक्या मिरच्या. कीड औषधालासुद्धा मिळायची नाही. आणि आज तीच पदराखाली वाटी धरून उभी होती.

गोदूबाईच्या हातातलं सूप थांबलं. “किडके?”

“अळीवाले. सोंडे नकोत. सोंडा कडक असतो, तिला गिळवत न्हाय.”

“कोनाला?”

जाईबाईने वाटी पदरात आणखी आत ओढली. त्याचा गोदूबाईने तिच्या परीने अर्थ लावला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, कोपऱ्यातला मोठा डबा उघडला आणि त्यातले चांगले तांदूळ ओंजळीने सुपात घालू लागली.

“अगं, मला किडके पायजेत.”

“असू दे गं जाई. यादवभाऊ अंथरुनावर, तुझ्या दामूच्या कारखान्यात अर्धा दिवस लाइट न्हाय. येते येळ मान्सावर. लाजायचं काय त्यात. मी कोनाला सांगनार न्हाय.”

गोदूबाई कोणाला सांगणार नाही म्हणजे संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडे कळणार, हे जाईबाईला पक्कं ठाऊक. आता खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता.

“पालीला पायजेत,” ती म्हणाली. “घरात पाल हाय. आजारी हाय.”

गोदूबाईने तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि आणखी एक ओंजळ घातली. “व्हय व्हय,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “पालीला.”

जाईबाई ते सूप घेऊन घरी आली तेव्हा तिच्या कानशिलांतून वाफ निघत होती. तिने तांदूळ परातीत पसरले, बोटाने उलटेसुलटे केले, आणि बघते तर त्यात पांढऱ्या, चांगल्या पोसलेल्या अळ्या. गोदूचे चांगले तांदूळ झाले तरी शेवटी गोदूचेच. कितीतरी दिवसांनी जाईबाईच्या तोंडावर हसू आलं.

यादव म्हणजे जाईबाईचा नवरा. लूमच्या कारखान्यात जॉबर. बंद पडलेले लूम चालू करण्यात त्याची उमर गेली. थंडीच्या सुरुवातीला एक दिवस काम करताना हातातला पाना गळून पडला आणि त्याची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा वाचा गेलेली होती. डोळे तेवढे पूर्वीचे, हुकूम सोडणारे.

पाल त्याचीच. शिफ्ट संपवून आला की तो खाटेवर बसायचा, ट्यूबलाइटखाली पडलेले किडे चिमटीत धरून वर करायचा, आणि ती बाबासाहेबांच्या तसबिरीमागून बाहेर येऊन त्याच्या बोटांतून ते घ्यायची. तिला तो मुकादमीण म्हणायचा. जाईबाईने उभ्या जन्मात पाल दिसली की झाडू उचललेला. पण ही बया राहायला अशा जागी गेली होती की तिथे झाडू उगारायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

यादव दवाखान्यात असताना मलेरियावाले भिंतींना फवारा मारून गेले. दामूने, त्यांच्या मुलाने, बापाला डास चावू नयेत म्हणून खिडकीला बारीक जाळी ठोकली. घरात चिलट उरलं नाही. एका सकाळी मुकादमीण भिंतीवरून सुटली ती थेट यादवच्या गोधडीवर. शेपटी सुतासारखी झालेली, पोट पाठीला लागलेलं, पायांना जुन्या कातीचे तुकडे चिकटलेले. दामूची बायको कलावती झाडू घेऊन धावली. यादवने डावा पंजा पालीवर पालथा ठेवला, टोपावर झाकण ठेवावं तसा, आणि सुनेकडे असं बघितलं की ती झाडूसकट मागे सरली. शेवटी जाईबाईने पाल जमिनीवर ठेवली आणि वर पिठाची चाळणी पालथी घातली.

त्या दिवसापासून यादवने तोंड मिटलं. तसा घरी आल्यापासूनच तो दोन-चार घासांवर यायचा, पण आता चमचा ओठाला लागला की मान भिंतीकडे. आणि यादवचं तोंड एकदा मिटलं की पाना लावला तरी उघडायचं नाही, हे जाईबाईइतकं कोणाला ठाऊक.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. “अम्मा, इनको खिलाओ. ऐसाच चला तो नाक से नली डालनी पडेगी. हट्ट करते हैं क्या?”

“जल्मापासून,” जाईबाई म्हणाली.

पण नळी तिने पूर्वी बघितली होती. माहेरी दिघाशीला तिच्या भावाला, चिंधूला, अशीच नळी घातली होती. ती निघालीच नाही; नळीसकट नेला त्याला. यादवला नळी घालू द्यायची नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं. म्हणजे यादवने खायला हवं. आणि यादव पालीसाठी अडून बसलाय, ती खाईल तेव्हा हा खाईल, याशिवाय तिला दुसरं कारण दिसेना.

“मामंजींचं डोकं ठिकाणावर नसंल,” कलावती म्हणाली, “तुमचं तरी ठेवा, आत्याबाई. पालीला भरवता? आनि सोताकडं बघा जरा. तुमीच वाळल्यात तिच्यावानी. बांगड्या कोपरापातूर जातात.”

“बांगडीवाल्यानं सैल भरल्या.”

“बांगडीवाल्यानं भरल्या तवा घट्ट व्हत्या. मी व्हते ना संगती.”

“लई डोळं हाईत तुला. तांदूळ निवडताना कुठं जातात गं?”

कलावतीने तांदळाचं ताट पुढे ओढलं. सासूशी बोलण्यात ती कधी जिंकली नव्हती, आणि सासू कधी जेवते हे तिने बऱ्याच दिवसांत बघितलंही नव्हतं. नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही ही जाईबाईच्या आईची शिकवण. नवराच जेवत नव्हता. मग चुलीपाशी उभ्याउभ्या चहात पाव बुडवून दिवस निघत होता.

आजाऱ्याला काय द्यायचं ते जाईबाईला माहीत होतं. तिने पालीला आधी पेज दिली. मग गुळाचं पाणी. मग हळद घातलेलं कोमट दूध, कापसाच्या बोळ्याने. पाल आपली डोळे न मिटता बसून. तिच्या पुढ्यात दुधाचं तळं झालं आणि त्यात ती जवळजवळ बुडाली. तेव्हा जाईबाईच्या लक्षात आलं की ही जात हललेलं खाते, वाढलेलं खात नाही. म्हणून तर गोदूच्या दारात जावं लागलं.

पण अळीही पुढे ठेवली की अंग आखडून गप्प पडायची. जाईबाईने थोडा वेळ बघितलं. मग उठून कोपऱ्यातल्या कांडीवरचं सूत ओढलं. लग्न होऊन भिवंडीत आल्यापासून तिने घरी बसून लूमसाठी कांड्या भरल्या होत्या. तुटलेला धागा जोडायला तिला डोळे लागत नसत. तिने अळीच्या कमरेला सुताचा फास दिला, चाळणी कडेने उचलून दोरा आत सोडला आणि खाटेच्या पायाशी भिंतीला टेकून बसली. डाव्या हाताने दोरा हलकेच ओढायचा, सोडायचा. अळी नाचायला लागली.

“खा गं भवाने,” ती म्हणाली, “तुझ्यापायी गोदूच्या तोंडाला लागले मी.”

यादवसाठी केलेला मऊ भात तिच्या शेजारी वाडग्यात होता. लक्ष सगळं चाळणीत. वेळ गेला, पाठीला रग लागली. पालीच्या गळ्याखालची कातडी हलली. मान वळली. जाईबाईने दोरा आणखी एकदा हलवला. आणि टप्. अळी गेली, सुताचं टोक पालीच्या ओठाशी लोंबत राहिलं.

“अहो, खाल्लं. बघा, खाल्लं तिनं.”

तिने वर बघितलं. यादव तिच्याकडेच बघत होता, आणि त्याने तोंड उघडलं होतं. तिने घाईघाईने वाडगा उचलला. भात निम्मा झाला होता, पण कोणी खाल्ला याचा विचार करायला तिला सवड कुठे होती. उरलेला सगळा यादवने खाल्ला.

मग तोच रिवाज पडला. ट्यूबलाइट लागली की जाईबाई भिंतीला टेकायची, डाव्या हातात दोरा, उजवा हात मोकळा, शेजारी वाडगा. ती चाळणीत बघायची, यादव तिकडे बघायचा. पालीने तोंड घातलं की त्याने तोंड उघडायचं.

“भात रोज कमी पडतो,” कलावती म्हणायची. “मामंजींची भूक वाढली वाटतं.”

“वाढनारच. मी करते का काय उगाच?”

गोदूबाई एकदा दुपारी समक्ष बघायला आली. खरोखरच पाल आहे म्हटल्यावर तिचा बिचारीचा विरसच झाला.

“घरात पाल बांधून ठेवलीस? आनि चुकचुकली म्हंजे? आजारी मान्सासमोर?”

“चुकचुकू दे. शकुन-अपशकुन छप्पन साली सोडले आमी. दीक्षा घेऊन आल्यावर ह्यांनी सोताच्या आईला बजावलंय, पाल बोलली म्हनून जमिनीवर बोट आपटायचं न्हाय.”

आणि नेमके लाइट जाऊन गल्लीतले लूम बंद पडले. भिवंडीला एकदम कान फुटल्यासारखं झालं. त्या शांततेत चाळणीखालून मुकादमीण स्वच्छ चुकचुकली. जाईबाईने खाली बघितलं. तिचं बोट जमिनीवर टकटक करत होतं. तिने ते पदरात लपवलं. यादवच्या ओठाचा डावा कोपरा हलला. हसला, की ओठ नुसताच उडाला? जाईबाईला कळेना. हल्ली तिला बरंच काही कळेना. अपशकुन न मानणारा हा माणूस पालीच्या खाण्यावर आपलं खाणं का ठेवतो? वाचेबरोबर आतलं आणखी काही गेलंय का? विचारायची सोय नव्हती. ज्याला विचारायचं त्याच्याकडे उत्तराला एक हुंकार तेवढा.

पाल मात्र सुधारली. कात टाकली, ती टाकलेली स्वतःच खाल्ली. शेपटीचं मूळ भरलं. मग ती चाळणीला आतून धडका द्यायला लागली. कलावतीने नवी चाळणी आणलीच होती, ही पिठाला परत लावू देणार नाही म्हणून. एका संध्याकाळी जाईबाईने चाळणी उचलली. “जा, बस तुझ्या जागेवर,” ती म्हणाली. पाल भिंतीवर चढली, तसबिरीपाशी थबकली, पुढे गेली. दाराच्या चौकटीवरून बाहेर, समोरच्या कारखान्याच्या दिव्याकडे, जिथे किड्यांचा पाऊस पडत होता. गेली ती गेलीच. यादव दाराकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी भिंत रिकामी. तिसऱ्या दिवशीही तेच. जाईबाईने खिडकीची जाळी एका कोपऱ्यात स्वतःच्या हाताने उचकटली, की येईल. आली नाही. पाल नाही तर हा जेवणार नाही, ही धाकधूक मनात ठेवून ती यादवच्या उशाशी वाडगा घेऊन ताठ बसायची. चमचा पुढे केला की यादवचे ओठ मिटलेले.

“ती गेली तिच्या पोटामागं,” ती म्हणाली. “आता काय गल्लीत पाली धरत हिंडू? उद्या डॉक्टर येतो नळी घेऊन. आ करा.”

यादवने मान हलवली.

“भिंतीकडं काय बघता? न्हाय तिथं काय.”

तो भिंतीकडे बघत नव्हता. हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. तो तिच्या मनगटाकडे बघत होता, जिथून बांगड्या पुन्हा खाली कोपराकडे घसरल्या होत्या. त्याने डावा हात उचलला. त्या हाताला अजून सवय नव्हती. तो वाडग्याच्या कडेवर आदळला, भात गोधडीवर सांडला. मग पंजाची पाठ लावून त्याने वाडगा ढकलला. तिच्याकडे.

“खारट हाय का?” तिने एक घास तोंडात घातला. “न्हाय. बरोबर हाय.” तिने चमचा पुढे केला. यादवने तोंड उघडलं. खाल्लं. ती दुसरा चमचा घेऊन वळली तर ओठ पुन्हा मिटलेले, आणि हात वाडग्यावर.

जाईबाई बघत राहिली. मग तिने, खात्री करावी म्हणून, आणखी एक घास घेतला. यादवने तोंड उघडलं.

“म्हंजे?” ती म्हणाली. “अहो, मंग ती पाल?”

यादवने हुंकार दिला. तो हो होता की नाही, की पालीचं दुःख होतं, की नुसताच आजाऱ्याचा आवाज, ते त्यातून ठरवता येत नव्हतं. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं, मग रिकाम्या भिंतीकडे, मग वाडग्याकडे. सुताला बांधलेल्या अळ्या, गोदूच्या दारातली ती फजिती, भिंतीपाशी दुखवलेली पाठ. हे सगळं कशासाठी झालं आणि कोण कोणाला भरवत होतं, याचा तिने पुन्हा हिशोब लावून बघितला. लागेना. शेवटी तिने नाद सोडला.

“कलावती,” तिने आत हाक दिली, “दार लोटून घे जरा. गल्लीतल्या बाया बघतील.”

“काय बघतील, आत्याबाई?”

“दार लोट म्हनलं ना.”

दार लोटलं गेलं. जाईबाईने पदर पुढे ओढला, दाराकडे पाठ केली आणि नवऱ्यासमोर बसून मोठा घास घेतला. ती तो चावून गिळेपर्यंत यादव थांबला. मग त्याने तोंड उघडलं.